प्लांटेड टँक: पहिली मांडणी आणि नंतरची फेरमांडणी

प्लांटेड टँकसाठी, म्हणजे खरी झाडं वाढवलेल्या माशांच्या टाकीसाठी, रविवारी दुकानात जाऊन काच, दिवा, रंगीत खडी, झाडांच्या दोन जुड्या आणि पिशवीभर मासे असं सगळं एकदम घरी आणलं, की पंधरा दिवसांत पाणी पांढरट होतं, झाडं कुजतात आणि मासे दगावतात. यात नवख्या माणसाचा दोष फारसा नसतो. त्याला क्रम कुणी सांगितलेला नसतो. आधी आपलं पाणी समजून घ्यायचं, मग वाळू-दगड, मग झाडं, मग वाट बघायची आणि मासे सगळ्यांत शेवटी आणायचे. एवढा क्रम पाळला तर हा छंद अजिबात अवघड नाही.

हा लेख २ फुटी टँक आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवायची मांडणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पहिल्या टँकला सिलिंडर घेऊ नका. सिलिंडर, दिवा आणि खत या तिघांचा तोल सांभाळताना नवखा माणूस दमतो आणि टँक विकून टाकतो. फेरमांडणीचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण चालू टँक मोडून पुन्हा लावताना जितके मासे मरतात तितके एरवी मरत नाहीत.

आधी जमवायचं सामान

- ६० × ३० × ३६ सेंटीमीटरचा काचेचा टँक, खाली घालायला थर्मोकोल किंवा फोमची शीट
- झाडांसाठीचा एलईडी दिवा (या मापाला साधारण १५ ते २० वॅट) आणि टायमर
- फिल्टर: ताशी टँकच्या ४-५ पट पाणी फिरवणारा
- वाळू १४-१५ किलो, दगड, ड्रिफ्टवूड (टँकमध्ये ठेवायचं वाळलेलं लाकूड)
- टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा). अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासण्याचं थेंबांचं किट
- क्लोरीन काढणारं द्रावण
- लांब चिमटा, कात्री, जाळी, पाण्याची नळी
- फक्त टँकसाठी राखलेल्या दोन बादल्या, ज्यांना साबण कधीच लागणार नाही

किट महाग वाटतं म्हणून बरेच जण टाळतात. दिवा थोडा स्वस्तातला घेतला तरी चालेल, किट मात्र घ्याच. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे ते माशांसाठी बरं असतंच असं नाही, आणि अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

१. तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं ते बघा

मुंबईचं तानसा-भातसा-वैतरणाचं आणि पुण्याचं खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ आहे. बहुतेक झाडांना ते मानवतं. बोअरचं पाणी वेगळं असतं. त्याचा टीडीएस सहज ५०० च्या पुढे जातो, आणि सोसायटीला टँकर येत असेल तर तो कुठून भरून आणलाय त्यावर आकडा दर खेपेला बदलतो. आमच्याकडे उन्हाळ्यात नेमकं हेच होतं. नळाचं पाणी आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं, त्यामुळे पाणी बदलायच्या आधी मीटर बुडवून बघितल्याशिवाय मी बादली ओतत नाही. आकडा अचानक तिप्पट-चौपट निघाला तर त्या दिवशी पाणी बदलायचं नाही, किंवा आरओचं पाणी अर्ध्याला अर्धं मिसळायचं.

जड पाण्याशी भांडत बसू नका, त्याला साजेशी झाडं आणि मासे निवडा. व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास, हॉर्नवर्ट ही झाडं जड पाण्यात छान वाढतात. गप्पी, प्लॅटी, मॉली हे मासेही. मऊ पाणी असेल तर टेट्रा, रास्बोरा हे मासे आणि रोटाला या झाडाच्या नाजूक जाती जमतील.

क्लोरीन पाणी २४ तास उघडं ठेवल्याने उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर जात नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की पालिका अनेकदा क्लोरीन वाढवतात. त्यामुळे द्रावण वापरणंच बरं. मात्रा बाटलीवर दिलेली असते.

२. जागा

वरच्या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ सुमारे ६५ लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड धरून सगळं वजन ९० ते १०० किलोंच्या घरात जातं. प्लायवूडचं डुगडुगतं टेबल याला चालत नाही. स्पिरिट लेव्हल लावून बघा, खाली फोम घाला. खिडकीतलं थेट ऊन टाळा.

वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर यायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये शिरणार नाही. पाण्यात हात घालायच्या आधी सगळे स्विच बंद करा. घरातल्या लहान मुलांनाही हे शिकवा.

३. वाळू, दगड, लाकूड

जपानी ॲक्वासॉइल (पाण्यातल्या झाडांसाठीची दाणेदार माती) उत्तम असते, पण महाग असते, सुरुवातीला अमोनिया सोडते आणि पुढे फेरमांडणीत हाताखाली कुस्करते. बागेतली माती खाली आणि वर वाळू ही पद्धतही चालते, पण असा टँक मोडताना चिखल होतो. पहिल्या टँकला माझं मत साध्या वाळूला आणि मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्यांना. दाणा १ ते २ मिलिमीटरचा घ्या. स्विमिंग पूलच्या फिल्टरसाठी मिळणारी सिलिका वाळू चांगली पडते. पाणी निवळशंख येईपर्यंत धुवा.

समुद्राची वाळू नको. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. बांधकामाच्या क्रश सँडमध्ये भुकटी इतकी असते की धुता धुता कंटाळा येतो.

दगडांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही, दिसतोही देखणा. शंका असेल तर दगडावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा किंवा संगमरवराच्या जातीचा आहे, बाजूला ठेवा. ड्रिफ्टवूड उकळून घ्या. नाहीतर आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे ते तरंगणार नाही. त्यातून चहाच्या रंगाचं पाणी निघतं, ते निरुपद्रवी असतं. नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरी बुळबुळीत साय धरते. तीही निरुपद्रवी, आपोआप जाते. नुकतंच तोडलेलं ओलं लाकूड मात्र टँकमध्ये घालू नका.

वाळू पुढे ३-४ आणि मागे ८ सेंटीमीटर अशी उतरती ठेवा. एवढ्या एका गोष्टीने छोटा टँक खोल दिसतो. सर्वांत मोठा दगड बरोबर मध्ये ठेवू नका, रुंदीचा एक तृतीयांश सोडून ठेवा. ताकाशी अमानो (१९५४-२०१५) या जपानी छायाचित्रकाराने प्लांटेड टँककडे निसर्गदृश्य म्हणून बघायला जगाला शिकवलं. त्यांच्या टँकचे फोटो तासभर बघा, मांडणीचे नियम पाठ करण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

४. झाडं

इथे सर्वांत मोठा सापळा आहे. ‘ॲक्वेरियम प्लांट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जुड्यांमध्ये लकी बांबू, सिंगोनियम, मोंडो ग्रास अशी जमिनीवरची झाडं सर्रास असतात. ती पाण्याखाली महिना-दोन महिने हिरवी राहतात आणि मग कुजतात. नाव विचारूनच घ्या. दुकानदाराला नाव सांगता आलं नाही तर ती जुडी ठेवून द्या.

पहिल्या टँकसाठी ही निवड पुरे:

- मागे: व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा (ही आपल्याच देशातली), रोटाला रोटुंडिफोलिया
- मध्ये: क्रिप्टोकोरिन वेंडटी
- दगड-लाकडावर: अनुबियास नाना, जावा फर्न, जावा मॉस
- वर तरंगती: साल्विनिया, मूठभरच

अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरलं की कुजतं. ते दोऱ्याने लाकडाला बांधा किंवा सुपरग्लूच्या एका थेंबाने चिकटवा. क्रिप्टोकोरिन लावल्यावर आठवडाभरात त्याची पानं विरघळल्यासारखी होऊन पडतात. झाड मेलं असं समजून उपटू नका. मूळ शाबूत असेल तर नवी पानं येतात. बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, म्हणून त्यांची जुनी पानं पाण्याखाली टिकत नाहीत. खोडाची झाडं एकेक काडी सुटी करून, बोटभर अंतर सोडून, चिमट्याने खोल खोचा. आणलेली जुडी तशीच रोवली तर आतल्या काड्या उजेडाविना सडतात.

पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं लावा, वाळूचा निम्म्याहून जास्त भाग झाकला जाईल इतकी. मोकळ्या टँकमध्ये शेवाळ आधी पोहोचतं.

ओढ्यातून, कातळसड्यांवरून झाडं उपटून आणू नका. कासच्या सड्यावरचा वायतुरा (एक पाणवनस्पती) सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरच उगवतो, आणि तो तिथेच राहायला हवा. लागवडीची झाडं बाजारात हवी तेवढी मिळतात.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवा आणि तिच्यावर हळूहळू ओता, म्हणजे मांडणी विस्कटणार नाही.

५. दिवा आणि उन्हाळा

पहिला महिनाभर रोज ६ तास दिवा, पुढे ७-८ तास. टायमर लावून, रोज त्याच वेळी. घरी पाहुणे आले म्हणून रात्री उशिरापर्यंत चालू ठेवला की शेवाळाला आमंत्रण.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातच काय, पुण्यातही टँकचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. टँकचं झाकण काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने तापमान २-३ अंश उतरतं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला, कारण वाफ होऊन जाते आणि क्षार मागेच राहतात.

६. टँक सायकल होऊ द्या

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांपासून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी आहेत. तिसरा झाडांचं खाणं आहे. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये घर करतात आणि त्यांना वाढायला ३ ते ६ आठवडे लागतात. यालाच टँक सायकल होणं म्हणतात.

फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात टाका आणि तीन-चार दिवसांनी किट काढून तपासा. अमोनिया आधी चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही उतरतील. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार. ओळखीच्या कुणाचा निरोगी टँक चालू असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, काम बरंच लवकर होतं.

या काळात काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येईल. घाबरू नका, औषध टाकू नका. पुसून काढा, काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो.

दुकानात मिळणारं निळं औषध आणि मूठभर मीठ सरसकट टाकायचा सल्ला ऐकू नका. त्याने जिवाणू आणि झाडं दोन्ही मार खातात.

७. मासे

थोडे थोडे आणा. आधी ५-६, दोन आठवड्यांनी आणखी ५-६. झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, हनी गौरामी हे आपल्या उपखंडातले मासे काटक आहेत. त्यांतला रोझी बार्ब बोटभर वाढतो आणि कोवळी पानं कुरतडतो, म्हणून २ फुटी प्लांटेड टँकला झेब्रा डॅनिओ किंवा हनी गौरामी बरे. गोल्डफिश झाडं उपटतो आणि खातो, तो इथे नको. ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा फूटभर वाढतो, तोही नको. काच साफ करायला चेरी कोळंबी आणि गोगलगायी पुरेशा आहेत.

पिशवी बंदच १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग अर्धा तास थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, आणि मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

८. खत: द्राक्षवाल्यांच्या दुकानात जा

आयात केलेल्या खताच्या छोट्या बाटलीत बहुतांश पाणी असतं. त्यातलं मुख्य द्रव्य नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार ठिबकमधून सोडतात तेच आहे. कृषी सेवा केंद्रात १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) किलोच्या पाकिटात मिळतं आणि एक पाकीट वर्षानुवर्षं पुरतं.

१३:०:४५ चे १० ग्रॅम अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बाटलीत ०:५२:३४ चा १ ग्रॅम, तेवढ्याच पाण्यात. आठवड्याला पाणी बदलल्यावर दोन्हींतलं २५-२५ मिलिलिटर टाका. ६० लिटरच्या टँकमध्ये याने नायट्रेट सुमारे ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट अर्धा पीपीएम वाढतं. सिलिंडर नसलेल्या टँकला एवढं पुरतं. किटवर नायट्रेट आधीच २० च्या वर दिसत असेल तर त्या आठवड्यात पहिली बाटली वगळा. मोजायला सोनाराच्या काट्यासारखा खिशातला डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो.

दुकानदार १९:१९:१९ किंवा १२:६१:० पुढे करेल, ‘सगळं एकच’ म्हणेल. घेऊ नका. त्यांत अमोनियाच्या रूपातला नत्र असतो, १९:१९:१९ मध्ये युरियाही असतो, आणि तो माशांच्या जिवावर बेततो. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं शेतीचं मिश्रणही नको. त्यातलं जस्त आणि तांबं पिकाच्या हिशेबाने असतं, आणि तांबं कोळंबीला मारक आहे. लोह आणि सूक्ष्मद्रव्यं ॲक्वेरियमचीच घ्या, आणि फॉस्फेटच्या बाटलीत मिसळू नका, साका बसतो. पाकिटं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा.

९. आठवड्याचं काम

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, पिवळी पानं कापा, काच पुसा. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्याच पाण्यात दोन-तीनदा पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात. पिळून झालेला स्पंज तपकिरीच दिसायला हवा. पांढरा करायचा हट्ट नको. वीज बराच वेळ जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

१०. फेरमांडणी

दीड-दोन वर्षांत व्हॅलिसनेरिया सगळीकडे पसरतो, दगड झाडीत बुडतात, पुढचा उतार सपाट होतो. तेव्हा टँक पुन्हा लावावासा वाटतो आणि लावावाही. फक्त शेवाळ झालंय म्हणून फेरमांडणी करू नका. कारण दिव्यात, खतात किंवा पाणी न बदलण्यात असेल तर नव्या मांडणीतही ते येईल. कडक उन्हाळ्यातही हे काम टाळा.

जुन्या वाळूत खोलवर प्राणवायू नसलेले खिसे तयार झालेले असतात. वाळू उकरली की अमोनिया सुटतो, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड असतो. मासे टँकमध्ये असताना वाळूत हात घालायचा नाही, हा या कामातला पहिला नियम.

*आदल्या दिवशी:* जमिनीवर वर्तमानपत्रावर ६० × ३० चा चौकोन आखा आणि दगड-लाकूड त्यात मांडून बघा. मनासारखं जमेपर्यंत हलवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवी वाळू धुऊन ठेवा. माशांना खायला घालू नका.

*सकाळी, या क्रमाने:*

वरचं अर्धं पाणी स्वच्छ बादल्यांमध्ये काढून घ्या. झाडं उपटण्याआधीच हे करा, नाहीतर पाणी गढूळ मिळेल. एका बादलीत फिल्टर लावून चालू करा. तो बंद पडून राहिला की प्राणवायूअभावी काही तासांत जिवाणू मरू लागतात, आणि दीड वर्षाची कमाई गेली. मग पाणी आणखी खाली उतरवा, दगड-लाकूड उचला, आणि माशांना वाव उरला नाही की ते अलगद जाळीत येतात. भरल्या टँकमध्ये जाळी घेऊन त्यांच्या मागे लागू नका. मासे फिल्टरच्या बादलीत सोडा आणि वर जाळी घाला, डॅनिओ उडी मारतात.

झाडं काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून परातीत ठेवा. क्रिप्टोकोरिनची मुळं बोटभर ठेवून छाटा. म्हातारी, शेवाळ धरलेली पानं आताच काढून टाका.

मग वाळू काढा. काळी पडलेली, वास मारणारी वाळू टाकून द्या. बाकीची धुऊन पुन्हा वापरता येते. मांडणी करा, मुळाशी खताच्या गोळ्या पुरा, झाडं लावा. लावताना दर दहा मिनिटांनी पाणी फवारत राहा, पानं वाळता कामा नयेत. ताटली ठेवून आधी जुनं पाणी, मग क्लोरीन काढलेलं आणि तापमान जुळवलेलं नवं पाणी भरा. फिल्टर पुन्हा टँकमध्ये लावा. तास-दोन तासांनी अमोनिया तपासा. शून्य असेल तरच मासे सोडा. नसेल तर आणखी पाणी बदला, मासे रात्रभर बादलीत फिल्टर किंवा एअर पंपासह राहू शकतात.

*पुढचे पंधरा दिवस:* दोन दिवस उपास, मग आठवडाभर निम्मं खाणं. दिवा पुन्हा ६ तासांवर. अमोनिया आणि नायट्राइट पहिल्या आठवड्यात रोज तपासा आणि काही दिसलं की त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला. क्रिप्टोकोरिन पुन्हा पानं टाकेल, टाकू द्या. फेरमांडणी आणि नवे मासे एकाच आठवड्यात आणू नका. फिल्टरही त्याच वेळी बदलू नका. बदलायचाच असेल तर नवा आणि जुना महिनाभर शेजारी शेजारी चालवा.

११. उरलेल्या झाडांचं आणि माशांचं काय?

ओढ्यात, नदीत, विहिरीत काहीही सोडू नका. इंद्रायणी-पवनेवर पसरणारी जलपर्णी शोभेचं झाड म्हणूनच देशात आली होती. उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा सकर माणसांनी सोडलेल्या शोभेच्या माशांचीच प्रजा आहे. कापलेली झाडं उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या खतात टाका. चांगल्या काड्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून वाटा, घेणारे निघतात. नको असलेले मासे बरेच दुकानदार परत घेतात. पैसे मिळणार नाहीत, पण आधी फोन करून विचारा.